तटाच्या आत बाग, तटाबाहेर पाणी

दिंडोरीहून निघून नाशिक, निफाड, येवले, वैजापूर ही गावे मागे टाकीत पूर्वेकडे जाणारा रस्ता ज्या नगराच्या तटाशी पोहोचतो, ते नगर खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर अशी नावे धारण करीत चार शतके उभे आहे. या नगराच्या दर्शनास येणारा प्रवासी बहुधा दरवाजांपासून आरंभ करतो. आणि भडकल दरवाजाची भव्य कमान, खाम नदीच्या पुलापाशी उभा असलेला मकाई दरवाजा, उत्तरेचा दिल्ली दरवाजा, दक्षिणेचा पैठण दरवाजा असे एकेक पाहून झाल्यावर, या शहराचा इतिहास म्हणजे तट बांधणाऱ्यांचा आणि तटावर चालून येणाऱ्यांचा इतिहास, असा त्याचा ग्रह होतो. हा ग्रह अपुरा आहे. या शहराचा इतिहास त्याच्या बागांत वाचावा, आणि बागांचा इतिहास त्या बागांना ज्या पाण्याने जगविले त्या पाण्यात शोधावा. कारण तट ज्यांच्या भयाने उभारला ते भयही गेले आणि तो उभारणारी सत्ताही गेली. परंतु तटाबाहेरच्या डोंगरउतारावरून आत आणलेले पाणी मात्र बादशाह, सुभेदार आणि निजाम या सर्वांना पुरून उरले.

भिंतीने वेढलेली, पाटांनी चौफेर विभागलेली आणि मध्यभागी जलाशय असलेली बाग ही मूळची इराणी कल्पना. इ. स. पूर्व सहाव्या शतकात सायरस राजाने पासारगादे येथे केलेल्या उद्यानातील दगडी पन्हळी अद्यापि दिसतात. पुढे अरबांनी इराण जिंकले, तेव्हा या कल्पनेला दोन दिशा मिळाल्या. तिची एक शाखा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने स्पेनमध्ये, म्हणजे ज्याला ते अंदलूस म्हणत त्या मुलखात गेली आणि कोर्दोवा, सेव्हिल, ग्रानादा या नगरांत बहरली. दुसरी समरकंद, हेरात आणि काबूलच्या वाटेने हिंदुस्थानात उतरली. ग्रानादाच्या अलहंब्रा टेकडीवर तेराव्या शतकात नसरी घराण्याच्या पहिल्या सुलतानाने दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून, डोंगराच्या कडेकडेने पाट काढून चढविले, आणि त्याच पाटावर पुढे राजवाड्यांचे चौक, सिंहांच्या खांद्यावरील कारंजे आणि शेजारच्या टेकडीवरील हेनेरालिफेची बाग उभी राहिली. त्या बागेच्या मध्यातून आजही पाटाची सरळ रेघ वाहते. अंदलुसी बागेची प्रकृती आटोपशीर: चारी बाजूंनी भिंत, मध्ये पाणी, नारिंगाची आणि मेंदीची झाडे, आणि जलाच्या मंद निनादाने भरलेला एकांत. 2 जानेवारी 1492 या दिवशी ग्रानादा ख्रिस्ती राजांच्या स्वाधीन झाले आणि पश्चिमेकडची ती शाखा खुंटली. त्याच्या अवघी दोन वर्षे आधी, 1490 मध्ये, मलिक अहमदाने बहमनी सत्तेचे जू झुगारून निजामशाहीचा पाया घातला होता. आणि सीना नदीच्या काठी त्याने जे अहमदनगर वसविले, तेथे पूर्वेकडची शाखा दख्खनच्या काळ्या पाषाणात रुजू लागली होती.

अहमदनगरच्या सुलतानांनी पाण्याची विद्या मोठ्या निष्ठेने जोपासली. आसपासच्या गावांच्या झऱ्यांचे पाणी खापरी नळांनी शहरात, हौदांत आणि बागांत खेळविलेले होते. आणि 1583 मध्ये पुरा झालेला फराहबागेचा महाल तर एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभा केलेला होता. याच दरबारी चंगीजखान नावाच्या पेशव्याने एक हबशी गुलाम विकत घेतला. आफ्रिकेत जन्मलेला आणि बगदादच्या बाजारातून फिरत आलेला हा तरुण म्हणजेच मलिक अंबर. पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी होऊन, ज्याच्या नावाने मुलखाची जमाबंदी ‘मलिकंबरी धारा’ म्हणून शतकभर ओळखली गेली, आणि ज्याच्या छत्राखाली मालोजी व शहाजी भोसले यांनी तलवार गाजविली, तो हा पुरुष. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाही राखण्याचा भार त्याने आपल्या शिरावर घेतला, आणि 1610 च्या सुमारास खडकी नावाच्या खेड्यावर नवी राजधानी वसविण्यास आरंभ केला.

खडकी या गावी जमीन होती, डोंगराचा आडोसा होता, परंतु राजधानीस पुरेल एवढे बारमाही पाणी नव्हते. खाम ही उन्हाळ्यात आटणारी नदी. अंबराने शहराच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याचा कानोसा घेतला. पावसाचे पाणी तेथे जमिनीत जिरते, खडकाच्या थरांमधून झिरपते आणि भूपृष्ठाखाली संथपणे उताराकडे सरकत राहते. ते झिरपे एकत्र करून, जमिनीखालून बांधीव बोगद्याने केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्याची योजना त्याने सिद्ध केली. हीच नहर-इ-अंबरी. नहरीच्या मार्गावर ठिकठिकाणी विहिरीसारखी बांधीव मुखे ठेवलेली होती, त्यांतून उतरून गाळ काढता येई. आणि शहरात शिरल्यावर तिचे पाणी नळांनी हौदांत, मशिदींत, महालांत आणि मोहल्ल्यांत वाटले जाई. नवलाची गोष्ट अशी की, ज्या अब्दुर्रहीम खानखानानशी अंबर रणांगणावर झुंजत होता, त्याच्या सुभेदारीत बऱ्हाणपुरासही 1615 मध्ये अशीच भूमिगत नहर खोदली गेली. दोन प्रतिस्पर्धी छावण्यांत तलवारी परजल्या जात असताना दोन्हींकडचे कारागीर जमिनीखाली एकच इराणी विद्या राबवीत होते, आणि त्याच विद्येचे वंशज असलेले जलमार्ग तिकडे मूरांनी, म्हणजे अंदलुसी मुसलमानांनी, वसविलेल्या माद्रिदच्या पोटातूनही वाहत होते.

खडकीचे भाग्य मात्र खडतर होते. 1616 मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबराचा पराभव झाल्यावर मोगल फौजा खडकीत शिरल्या आणि त्यांनी नवी राजधानी जाळून उद्ध्वस्त केली. 1621 मध्ये शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, दख्खनेत आला तेव्हा पुन्हा तोच प्रसंग ओढवला. वाडे पडले, बाजार जळाले, परंतु जमिनीखालच्या पाण्याला आग लावता येत नाही. प्रत्येक वेळी अंबर परत आला, आणि प्रत्येक वेळी शहर पुन्हा वसले. पाण्याचे सामर्थ्य हा पुरुष किती ओळखून होता याचा दाखला 1624 च्या भातवडीच्या युद्धातही सापडतो. मोगल आणि आदिलशाही यांची संयुक्त फौज चालून आली, तेव्हा त्याने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल माजविला, आणि मग शहाजीराजांसह आपल्या सरदारांकडून ती फौज मोडविली. शहाजीराजांचे बंधू शरीफजी याच युद्धात कामी आले. 1626 मध्ये मलिक अंबर मृत्यू पावला. दहा वर्षांत निजामशाही बुडाली. परंतु त्याने आणलेले पाणी विजेत्यांच्या सेवेस रुजू झाले.

ते विजेते म्हणजे शहजादा औरंगजेब. 1636 ते 1644 आणि पुन्हा 1653 पासून तो दख्खनचा सुभेदार होता, आणि या दुसऱ्या सुभेदारीतच खडकीचे औरंगाबाद झाले. 1657 च्या सप्टेंबरात त्याची बेगम दिलरस बानू हिने येथे अकबर नावाच्या पुत्रास जन्म दिला आणि ऑक्टोबरात ती इहलोक सोडून गेली. तिच्या स्मरणार्थ खामच्या काठी जी बाग घातली गेली, तीच बीबीका मकबरा. हिची तुलना ताजमहालाशी करून हिला उणे लेखण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून ही वास्तू बाग म्हणून पाहावी. दक्षिणोत्तर सुमारे 458 मीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे 275 मीटर अशा आवाराला उंच भिंत. दक्षिणेच्या दरवाजातून आत येताच समोर लांबट हौदांची आणि कारंज्यांची सरळ ओळ. आणि ताजप्रमाणे एका टोकाला न ठेवता, अवघ्या चौरस रचनेच्या ऐन मध्यभागी, चार वाटा जेथे मिळतात तेथे चौथऱ्यावर मांडलेली समाधी. प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यावर वेलबुट्टी आहे, आणि तिच्या सान्निध्यात अताउल्ला या वास्तुविशारदाचे व हंसपतराय या स्थापत्यकुशल अधिकाऱ्याचे नाव कोरलेले आहे. राणीच्या बागेच्या दारावर बांधणाऱ्यांची नावे असावीत, आणि त्यांत मोगली परंपरेत वाढलेल्या मुसलमान कारागिराच्या जोडीला एका हिंदू अधिकाऱ्याचे नाव असावे, याचे मोल फार मोठे आहे. खर्चाचा आकडा 6,68,203 रुपये असा नोंदलेला आहे. फ्रेंच प्रवासी तावर्निये याने सुरत-गोवळकोंड्याच्या वाटेवर या कामासाठी संगमरवर वाहून नेणाऱ्या तीनशे गाड्या पाहिल्या. त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. तरीही संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्यालाच पुरला. उरलेले अंग काळ्या दगडाचे असून त्यावर गुळगुळीत शुभ्र गिलावा चढविलेला आहे. आत अष्टकोनी जाळीच्या कठड्यातून खाली पाहिले म्हणजे बेगमेची साधी कबर दिसते.

दख्खनच्या राजकारणाची सूत्रे या शहरातून हलत असल्यामुळे मराठ्यांचाही येथे राबता होता. 1666 मध्ये आग्र्यास जाताना शिवाजी महाराज औरंगाबादेवरून गेले, तेव्हा त्यांची सरंजामी पाहण्यास नगरजन लोटले होते. सफशिकनखान नावाच्या अंमलदाराने स्वतः सामोरे न येता पुतण्यास पाठविले, तेव्हा त्याच्याकडे न थांबता महाराज थेट मिर्झाराजा जयसिंगाच्या वाड्यावर गेले, आणि अखेर त्या खानास दिवाणखान्यात येऊन भेटावे लागले. पुढच्याच वर्षी संभाजीराजांच्या मनसबीच्या निमित्ताने प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी हे फौजेसह येथे येऊन राहिले. मोगल-मराठ्यांचा हा सलोखा फार टिकला नाही. ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा लुटून महाराज बागलाणातून परतत असता, दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेने त्यांना वणी-दिंडोरीच्या मैदानात गाठले, आणि मराठ्यांनी उघड्या रानात, दिवसाउजेडी मोगलांचा मोड केला. डोंगराच्या आडोशाने लढणारे हे लोक सपाटीवरही टिकाव धरतात, हे औरंगाबादच्या सुभ्याला आमच्या दिंडोरीच्या शिवारात कळले.

आणि मग दैवाची एक विलक्षण गती दिसते. ज्याच्या जन्मानंतर महिन्याभरात दिलरस बानूचा अंत झाला, तोच शहजादा अकबर 1681 मध्ये बापाविरुद्ध बंड करून छत्रपती संभाजीराजांच्या आश्रयास आला. त्याचा पाठलाग करीत बादशाह स्वतः दख्खनेत उतरला आणि मार्च 1682 मध्ये औरंगाबादेस दाखल झाला. त्याच वर्षी शहराभोवती तट उभा राहिला. ज्या बादशाहाची सत्ता काबूलपासून बंगालपर्यंत पसरलेली होती, त्याला आपल्या नावाच्या शहराभोवती मराठ्यांच्या धाकाने भिंत घालावी लागली. याच मुक्कामातून त्याने शहाबुद्दीनखानास दिंडोरी परिसरातील रामसेज किल्ल्यावर धाडले. चार दिवसांत पडेल असे वाटणारा तो लहानसा डोंगर वर्षानुवर्षे झुंजला. किल्ल्यावर तोफा नव्हत्या, तर लाकडी तोफांना चामडे मढवून मारा केला गेला, असे मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहितो. औरंगाबादचा तट आणि रामसेजचा तट हे असे समकालीन. एक भयाने बांधलेला, दुसरा निर्भयतेने राखलेला.

तटाच्या आत, शहराच्या उत्तर अंगाला, बादशाहाने किल्ला-इ-अर्क नावाचा राजनिवास उभारला, आणि त्याच्या लगतच दिल्ली दरवाजा व रंगीन दरवाजा यांच्या परिसरात शाही बाग घातली. आज तिला हिमायतबाग म्हणतात. मकबऱ्याच्या बागेत जी राजस प्रमाणबद्धता आहे ती येथे नाही. येथे आहे ती जुन्या झाडांची गर्द सावली, दगडी हौद, पक्ष्यांचा कलरव, आणि शहराच्या कोलाहलापासून एका भिंतीने दुरावलेली शांतता. ग्रानादाच्या बागेचा जो स्थायीभाव, तो दख्खनेत कोठे अनुभवावयाचा असेल तर येथे. बागेत परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, ही गोष्ट मला फार समर्पक वाटते. कारण अंदलुसी आणि इराणी बागा या मुळात फळबागाच होत्या. सौंदर्य आणि उत्पन्न यांत तेथे भेद मानलेला नव्हता. द्राक्षाच्या मांडवाखाली वाढलेल्या आम्हां दिंडोरीकरांना हा अभेद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

अठराव्या शतकात शहाबुद्दीनखानाचाच पुत्र निजाम-उल्-मुल्क असफजाह याने दख्खनेत स्वतंत्र सत्ता स्थापिली. वैजापूरजवळ पालखेड येथे फेब्रुवारी 1728 मध्ये पहिल्या बाजीरावाने त्याची दाणा-वैरण आणि पाणी तोडून त्यास शरण आणले, त्यातही पाण्याचाच महिमा दिसतो. या निजामी अमदानीत, 1744 च्या सुमारास, तुर्कताजखान या सरदाराने बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की सिद्ध केली. हरसूलकडील झऱ्यांचे पाणी सुमारे सहा किलोमीटरवरून मातीच्या खापरी नळांनी येते. नळ चुनेगच्चीत बसविलेले असून वाटेत ठिकठिकाणी बंबे, म्हणजे उंच बांधीव मनोरे, उभारलेले आहेत. पाणी या मनोऱ्यात चढते, कोंडलेली हवा सोडते, गाळ खाली टाकते आणि दाब आवरून पुढच्या नळात उतरते. अखेरच्या भिंतीवरून ते हौदात धबधब्यासारखे कोसळते, आणि त्याचा एक भाग खालच्या लोखंडी पात्यांवर पडून जात्याची तळी फिरवितो. दर्ग्यात उतरलेले फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांचे पीठ या जात्यावर दळले जाई. या हौदाची करामत अशी की, त्याचा तळ हेच खालच्या विस्तीर्ण दालनाचे छत आहे. वर पाणी डोलते आणि खाली, भर वैशाखातही, शीतल छाया असते. अंगणातल्या महाकाय वटवृक्षाखाली उभे राहून हे पाहावे, म्हणजे शोभा, उपयोग आणि दानधर्म या तिन्ही गोष्टी एकाच धारेत कशा सामावतात ते प्रत्ययास येते.

या सर्व वैभवाकडे पाहताना नाशिक जिल्ह्यातील मनुष्याला आपल्या मुलखाची एक जुनी व्यवस्था आठवल्यावाचून राहत नाही. बागलाणात मोसम आणि आरम यांसारख्या नद्यांवर शेकडो वर्षांपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याचे पाणी पाटाने ज्या क्षेत्रात जाते ते थळ, आणि थळाचे जे तीनचार भाग पाडलेले असतात ते फड. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार असा पालट सर्वांनी मिळून ठरवावयाचा. पाणी सोडण्यास पाटकरी, पिके राखण्यास जागल्या. आणि पाटाची गाळकाढणी सर्वांनी मिळून करावयाची. तिकडे मूरांच्या वारशाने आलेल्या व्हॅलेन्सियाच्या पाटांचा न्यायनिवाडा आजही दर गुरुवारी तेथील मुख्य चर्चच्या दारात शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोंडी करतात. मोसमेचा पाटकरी आणि व्हॅलेन्सियाचा पंच यांनी एकमेकांचे नाव कधी ऐकले नसेल. पण पाणी हे कोणा एकाचे नसून ज्याची पाळी त्याचे, हा धर्म दोघांनीही सारखाच पाळला. बादशाहाची चौफेर पाटांची बाग आणि शेतकऱ्याचे फडांत विभागलेले थळ या एकाच विद्येच्या दोन अवस्था आहेत, आणि त्यांतील शेतकऱ्याची अवस्था अधिक जुनी, अधिक चिवट आहे.

हे नाते आज तर अक्षरशः खरे झाले आहे. दिंडोरीजवळून वाहणारी कादवा नांदूरमध्यमेश्वरापाशी गोदावरीस मिळते. गोदावरी पैठणच्या जायकवाडी धरणात विसावते. आणि त्या धरणाच्या नाथसागर जलाशयाचे पाणी औरंगाबादच्या घरोघरी पोहोचते. वाघाड, करंजवण, पालखेड या आमच्या धरणांतून खाली किती पाणी सोडावे, यावरून अवर्षणाच्या वर्षी नाशिक आणि मराठवाडा यांच्यांत तंटे उभे राहतात, आणि 2005 च्या जलसंपत्ती कायद्याच्या आधाराने ते सोडविले जातात. वरच्या शेतकऱ्याचा मांडव सुकतो हे खरे, आणि खालच्या माणसाची घागर रिकामी असते हेही खरे. अशा वेळी खडकीच्या त्या हबशी वझिराची आठवण व्हावी. दोनदा जळालेल्या राजधानीत त्याने आधी पाणी आणले, ते मोहल्ल्यामोहल्ल्यांत वाटले, आणि ज्यांना त्याचे नावही प्रिय नव्हते अशा शत्रूंनाही ते पुढे दोन शतके पाजले.

दुर्दैवाने त्या नहरींची आजची स्थिती समाधानाची नाही. त्यांच्या वाटेवर बांधकामे झाली, झाडांची मुळे खापरी नळांत शिरली, खोदकामात बोगदे फुटले, आणि खाम नदीत शहराचे सांडपाणी मिसळते. तटाचे दरवाजे डागडुजीने उजळविण्याकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे जमिनीखालच्या या जलवाहिन्यांकडे जात नाही, कारण दरवाजा डोळ्यांना दिसतो आणि नहर दिसत नाही. परंतु ज्या नगराला आपला वारसा राखावयाचा असेल, त्याने डोंगरपायथ्याचे पाणलोट मोकळे ठेवावे, नहरींची मुखे गाळमुक्त करावी, बंब्यांची दुरुस्ती करावी, आणि हिमायतबागेची झाडे जुन्या पाण्यावर पुन्हा पोसावी. आणि आम्ही वरच्या अंगाच्या लोकांनी हे स्मरावे की, कादवेच्या खोऱ्यात पडलेला पाऊस हा त्या जुन्या शहराच्या बागांचाही पाऊस आहे. फडावरचा पाटकरी पाटाच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले की नाही ते पाहून मगच घरी जात असे. वरच्या माणसाचे कर्तव्य याहून अधिक नेमकेपणाने कोणत्याही बादशाही फर्मानात लिहिले गेलेले नाही.